उरलेला दोरा

शस्त्रक्रिया संपली की
कापून उरलेले तुकडे मी पोलादी पट्टीवर सरळ करते.
मोजते, वहीत लिहिते.
उरला किती, त्यावरून कळतं आत गेला किती.
जखमेच्या चौपट तरी आत राहायला हवा,
असं आयझिरेक म्हणते. बिश्केकहून शिकून आलेली,
माझ्या थोरलीपेक्षा वर्षाने लहान.

पहिला महिनाभर आम्ही तिला हसलो.
नारिनमध्ये डिसेंबर म्हणजे उणे अठ्ठावीस,
नळात पाणी गोठलेलं,
आणि ही पाच-पाच मिलिमीटरवर टाका घालत बसलेली,
नवरीच्या झग्याला टीप मारावी तशी.
भूल देणारा कानीबेक घड्याळाकडे बघून
उगाच घसा खाकरायचा.

इशेन मामितोविच यांचा हात वेगळा.
तीस वर्षं त्या हातात मी सुई दिली.
कडेपासून बोटभर लांब शिरायचे,
चरबी, स्नायू, पडदा, येईल ते कवेत घ्यायचे,
बोटभर पुढे निघायचे
आणि गाठीला असा हिसका द्यायचे
की दोरा वाजायचा.
"घट्ट बांधलेलं ओझं याक पाडत नाही."
बारा मिनिटांत पोट बंद.
बाहेर जीपमध्ये अजून दोघं कण्हत असायचे.
वाचलेल्या मिनिटांत त्यांतला एक जगायचा.
त्या दिवसांत वही नव्हती,
नाहीतर हेही लिहिलं असतं.

माझी आई नमदे शिवायची.
थापलेली लोकर, जाड सुई, ओला दोरा,
टाका दातांनी ओढायची. तसंच ते शिवणं.
पण नमद्यात रक्त फिरत नाही.
मांस आवळलं की आधी पांढरं पडतं,
मग मऊ,
मग दोरा, जो कुठेच तुटलेला नाही,
लोण्यातून तार जावी तसा सरकत जातो.
गाठ शाबूत राहते आणि जखम आतून उघडते.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.
सत्त्याण्णव साली, धाकटीच्या वेळी,
माझं पोट त्यांनीच शिवलं.
कातडी सुरेख मिळून आली.
आत नाही आली.
खोकले की बेंबीखाली अंड्याएवढं काहीतरी वर येतं,
तळव्याने दाबते, कामाला लागते.
त्यांना कधी बोलले नाही.

परवा मध्यरात्री तेच आले स्ट्रेचरवर,
आतड्याला पीळ, ओठ निळे.
आयझिरेकने पीळ सोडवला,
आतडं गुलाबी होईपर्यंत थांबली,
मग दोन दोरे मागितले, सत्तर सत्तर सेंटिमीटरचे.
दोन टोकांकडून निघाली, मध्यात भेटायला.
फक्त पांढरा पडदा धरत होती,
चरबीला सुई लागू देत नव्हती.
कडा एकमेकींना टेकल्या की पुरे, दाबायचं नाही,
दोन म्हाताऱ्या शेजारणी बाकावर बसतात
तेवढ्या जवळ.
कानीबेक खाकरला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे नीट उघडले.
"बुरुल, किती उरला?"
एकोणपन्नास, मी म्हटलं. जखम बावीस.
छताकडे बघत त्यांनी हिशोब केला,
ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.
"बाहेर कोणी नव्हतं?"
होता. एक पोरगा, घोड्यावरून पडलेला, हात मोडलेला.
"मग?"
थांबला तो.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
हीटरच्या नळीत पाणी गुरगुरत होतं.
मग म्हणाले, आमच्या वेळी
कोणी थांबू शकत नव्हतं.
नव्हतं, मी म्हटलं. खरंच नव्हतं.

मी वही मिटली.
खोकला येत होता, तो धरून ठेवला,
आणि बाहेर कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन
पोटावर हात दाबून
खोकले.